पिलाताचे नाव मतांगीकारात कशासाठी? इतिहास आणि आधुनिक ख्रिस्ती ईश्वरविज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल-अभ्यासाच्या वर्गात आणि त्याहून जास्त वर्ग सुटल्यावर दारात उभे राहून जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. दारातले प्रश्न सहसा जास्त खरे असतात. उत्तरे माझी आहेत आणि माझा कल जिथे आहे तिथे तो लपवलेला नाही.

देवावर विश्वास ठेवायला तारखा कशाला हव्यात? श्रद्धेचा इतिहासाशी संबंधच काय?

नुसते 'देव आहे' एवढेच म्हणायचे असेल तर तारखा नकोत. पण ख्रिस्ती विश्वास तिथे थांबत नाही. प्रेषितांचा मतांगीकार (चर्चमध्ये म्हटली जाणारी विश्वासाची कबुली) म्हणताना दर वेळी एका रोमी अधिकाऱ्याचे नाव तोंडी येते, पंतय पिलाताचे. हा माणूस संत नाही, शिष्य नाही. इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियावर नेमलेला एक सुभेदार, एवढीच त्याची ओळख. त्याचे नाव तिथे आहे ते तारखेसाठी. सांगायचे असे आहे की हे कुठल्याशा आटपाट नगरात घडले नाही. अमक्याच्या कारकिर्दीत, अमक्या ठिकाणी घडले.

आणि तारीख सांगितली की तपासणी आलीच. १९६१ साली कैसरियाच्या रोमी नाट्यगृहाच्या उत्खननात, नंतरच्या काळात पायरी म्हणून बसवलेला एक चुनखडीचा दगड सापडला. त्यावर लॅटिन अक्षरांत पिलाताचे अर्धेमुर्धे नाव आणि हुद्दा आहे : यहूदियाचा 'प्रिफेक्ट'. रोमी इतिहासकार टॅसिटसने त्याला 'प्रोक्युरेटर' म्हटले होते. म्हणजे पिलात होता हे दगड सांगतो, टॅसिटसचा हुद्दा चुकला हेही सांगतो. पण पिलाताने ज्याला वधस्तंभावर दिले तो कोण होता, यावर दगड गप्प आहे. या पानावरचे बहुतेक प्रश्न त्या गप्प बसण्यातून निघालेले आहेत.

मग श्रद्धा आणि इतिहास यांच्या या प्रश्नाला 'आधुनिक' का म्हणायचे? जुन्या लोकांना तो पडला नव्हता का?

पडला होता. येशूच्या जीवनाचे चार वृत्तांत, म्हणजे चार शुभवर्तमाने, एकमेकांशी जुळत नाहीत हे ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकातच लिहून ठेवले आहे, आणि बिशप ऑगस्टीनने ती जुळवण्यासाठी ग्रंथच लिहिला. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्लाने लॅटिन भाषेच्या आधारे दाखवून दिले की सम्राट कॉन्स्टन्टाइनने पोपला राज्य दिल्याचे दानपत्र बनावट आहे. तेव्हा जुने लोक भोळे होते, हा आपलाच भोळेपणा.

फरक पडला तो वेगळ्या ठिकाणी. तोवर बायबल ही मोजपट्टी होती. जगाचा इतिहास तिने मोजायचा. आर्चबिशप अशरने १६५० मध्ये बायबलातल्या वंशावळ्या आणि राजांच्या कारकिर्दी लावून सृष्टीची तारीख काढली : इ. स. पूर्व ४००४, २३ ऑक्टोबर. वीसच वर्षांनी, १६७० मध्ये, तत्त्वज्ञ स्पिनोझाने लिहिले की बायबलही इतर ग्रंथांसारखेच वाचावे. कोणी लिहिले, कधी, कोणासाठी, हे आधी विचारावे. १६७८ मध्ये रिशार सिमों या कॅथलिक धर्मगुरूने जुन्या कराराचा चिकित्सक इतिहास छापला आणि बिशप बोस्युएच्या आग्रहावरून त्याच्या प्रती जवळजवळ सगळ्या नष्ट करण्यात आल्या. मोजपट्टीच मोजायला घेतली होती, मग दुसरे काय होणार.

'लेसिंगचा खंदक' म्हणजे काय? सगळीकडे त्याचा उल्लेख येतो.

लेसिंग हा जर्मन नाटककार वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होता. १७७४ ते १७७८ या काळात त्याने काही हस्तलिखित तुकडे लेखकाचे नाव झाकून छापले. लेखक होता हाम्बुर्गचा प्राध्यापक रायमारुस, १७६८ मध्येच वारलेला. त्याचे म्हणणे असे की येशूला यहुद्यांचे राज्य उभे करायचे होते, बेत फसला, आणि शिष्यांनी शरीर लपवून पुनरुत्थानाची बातमी उठवली. केवढा गदारोळ झाला असेल याची कल्पना करा.

लेसिंगचा स्वतःचा मुद्दा जास्त खोल होता. १७७७ मध्ये त्याने विचारले : समजा, चमत्कार झाल्याच्या साक्षी चांगल्या आहेत. तरी त्या साक्षीच आहेत. गेलेल्या काळातल्या घटनेबद्दल जास्तीत जास्त 'बहुधा असे झाले' म्हणता येते. मग 'बहुधा'च्या पायावर मी माझे सगळे आयुष्य, माझा सगळा मोक्ष कसा उभारू? या दोहोंमध्ये एक ओंगळ, रुंद खंदक आहे आणि कितीही जोर लावला तरी मला तो ओलांडता येत नाही, असे तो म्हणाला. पुढची अडीचशे वर्षे ईश्वरविज्ञानाने जे केले ते बरेचसे या खंदकाच्या काठावर केलेले आहे. कोणी पूल बांधला, कोणी उडी मारली, कोणी खंदक नाहीच असे सांगितले.

ऐतिहासिक-चिकित्सक पद्धत म्हणजे अभ्यासक नेमके करतात काय?

व्याख्येपेक्षा एक प्रसंग घेऊ. येशूचा बाप्तिस्मा चारही शुभवर्तमानांत शेजारी शेजारी ठेवून वाचा.

मार्क सरळ सांगतो : येशू गालीलातून आला, यार्देन नदीत, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून त्याचा बाप्तिस्मा झाला. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात योहान त्याला अडवतो. मीच आपल्या हातून बाप्तिस्मा घ्यायला हवा, म्हणतो. लूक काय करतो पाहा. तो योहानाला आधी तुरुंगात घालून मोकळा होतो आणि मग सांगतो की येशूचाही बाप्तिस्मा झाला. कोणी दिला? वाक्यात नाव नाही. चौथ्या शुभवर्तमानात आत्मा कबुतरासारखा उतरताना पाहिल्याची योहानाची साक्ष आहे, प्रत्यक्ष बाप्तिस्मा मात्र कुठेच नाही.

पाण्यात उतरलेला माणूस हळूहळू पाण्याबाहेर येतो आहे. कारण उघड आहे. योहानाचा बाप्तिस्मा पापक्षमेसाठी, पश्चात्तापाचा. ज्याला निष्पाप म्हणायचे तो तिथे रांगेत कसा? आणि देणारा मोठा की घेणारा? मंडळीला (म्हणजे चर्चला) ही गोष्ट अडचणीची होती. आता इतिहासकार यातून काय काढतो? की ही गोष्ट कोणी रचलेली नसणार. अडचणीची गोष्ट मुद्दाम कोण रचेल? म्हणून येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, हे त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत भक्कम गोष्टींपैकी एक मानले जाते. तेही नेमके चार वृत्तांत जुळत नाहीत म्हणून.

मला ही पद्धत आवडली ती इथे. विसंगती म्हणजे खोटेपणा, असे समजून आपण घाबरतो. चांगला अभ्यासक विसंगतीपाशीच खणायला बसतो. या 'अडचणीच्या' निकषाला मर्यादाही आहेत. आपल्याला जे अडचणीचे वाटते ते त्यांनाही वाटत होते का, हे दर वेळी सांगता येत नाही.

बाकी हत्यारे थोडक्यात : हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवणे, कोणी कोणाचे वापरले हे शोधणे (मार्क सर्वांत आधीचा, मत्तय व लूक यांच्यापुढे तो होता, हे बहुतेकांना मान्य आहे), लिहिण्याआधी तोंडी काय फिरत होते ते पाहणे, आणि लेखकाने साहित्याची मांडणी कोणत्या हेतूने केली ते पाहणे.

जुन्या कराराचे काय झाले?

तिथे आकड्यांनी घोटाळा केला. जॉन कोलेन्सो हा दक्षिण आफ्रिकेतल्या नातालचा बिशप. मूळचा गणितज्ञ, त्याची अंकगणिताची पुस्तके इंग्लंडातल्या शाळांत चालत. झुलू भाषेत बायबलचे भाषांतर करताना जलप्रलयाची गोष्ट आली तेव्हा त्याच्या झुलू मदतनिसाने त्याला विचारले, हे सगळे खरे आहे का? बिशपाला 'हो' म्हणवेना. १८६२ पासून त्याने पंचग्रंथावर (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवर) जे खंड लिहिले त्यात उत्तर आहे, आणि ते बरेचसे हिशेबाचे आहे.

त्यातला एक हिशेब तुम्ही घरी करून पाहू शकता. गणना १:४६ मध्ये वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५० आहेत. गणना ३:४३ मध्ये सर्व प्रथमजन्मलेले मुलगे, महिन्याच्या बाळापासून, २२,२७३. भागून पाहा : एका थोरल्या मुलामागे नुसते प्रौढ पुरुषच सत्तावीस. प्रत्येक घरी मुले किती असतील? केपटाउनच्या बिशपाने १८६३ मध्ये कोलेन्सोला पदावरून काढले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये तसे काढण्याचा अधिकारच नव्हता असा निवाडा दिला. गणिताला मात्र कोणी निवाडा देऊ शकले नाही.

पुढे वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने पंचग्रंथ चार वेगवेगळ्या काळांतल्या साधनांतून विणलेला आहे ही मांडणी पक्की केली. आज ती जशीच्या तशी फार थोडे लोक मानतात. पण एका मोशेने एका बैठकीत लिहिले, याकडे अभ्यासक परत गेलेले नाहीत. वेलहाउझेनचे एक मला मोठे वाटते. १८८२ मध्ये त्याने ग्राइफ्सवाल्डच्या ईश्वरविज्ञान विभागातली जागा आपण होऊन सोडली. कारण दिले की विद्यार्थ्यांना मंडळीच्या सेवेसाठी तयार करणे माझे काम, आणि माझ्या शिकवण्याने ते उलट त्या सेवेला नालायक होत आहेत. पगार घेऊन गप्प बसणारे तेव्हाही पुष्कळ होते.

येशू नावाचा माणूस झालाच नाही, असे काही जण म्हणतात. खरे काय?

झाला. या विषयावर काम करणारे इतिहासकार, त्यात ख्रिस्ती नसलेलेही आले, यावर जवळजवळ एकमत आहेत. टॅसिटस त्याच्या देहदंडाचा उल्लेख करतो. जोसेफस हा यहुदी इतिहासकार दोनदा उल्लेख करतो. त्यातल्या एका उताऱ्यात ख्रिस्ती नकलनविसांनी भर घातली आहे हे खरे, पण दुसरा, 'ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब' हा, साधा आणि ओझरता आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रात आहे. तो वैतागून, शपथेवर सांगतो की मी यरुशलेमेत गेलो, केफाकडे (म्हणजे पेत्राकडे) पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. ज्याचा भाऊ भेटतो तो माणूस काल्पनिक नसतो.

'ऐतिहासिक येशू' आणि 'श्रद्धेचा ख्रिस्त' हे दोन वेगळे आहेत का?

ही जोडी रूढ झाली ती दाविद फ्रीडरिश श्ट्राउसमुळे. १८३५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने येशूचे चरित्र लिहिले. त्याचे म्हणणे रायमारुससारखे 'लबाडी' असे नव्हते. शिष्यांनी फसवले नाही. जुन्या कराराच्या अपेक्षांत मुरलेल्या समाजाने आपल्या गुरूची आठवण त्याच साच्यात ओतली, आणि त्यातून जे तयार झाले त्याला त्याने 'मिथक' म्हटले. ट्युबिंगेनची नोकरी गेली. १८३९ मध्ये झ्युरिकला प्राध्यापकपद मिळाले तर लोक इतके खवळले की रुजू होण्याआधीच त्याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे केले, आणि त्याच वर्षी तिथले सरकारही पडले. पुस्तकामुळे सरकार पडण्याचे प्रसंग विरळाच.

मग शंभर चरित्रे आली. प्रत्येकाला सिद्धांताच्या पुटांखालचा 'खरा' येशू काढायचा होता. ईश्वरविज्ञानाचा प्राध्यापक हार्नाक याने १८९९-१९०० च्या हिवाळ्यात बर्लिनला व्याख्याने दिली. त्यांतला येशू देवाचे पितृत्व आणि मानवी आत्म्याचे अमोल मोल शिकवतो. उदात्त आहे. पण जर्मन प्राध्यापकाला शोभेल असाच आहे. कॅथलिक लेखक जॉर्ज टिरेलने १९०९ मध्ये टोला मारला : एकोणीस शतकांच्या अंधारातून हार्नाकला जो ख्रिस्त दिसतो ते खोल विहिरीच्या तळाशी दिसणारे एका उदारमतवादी प्रोटेस्टंट चेहऱ्याचे प्रतिबिंब आहे. (हे वाक्य बरेच जण या चरित्रांचा आढावा घेणाऱ्या श्वाइट्झरच्या नावावर खपवतात. श्वाइट्झरचे १९०६ मधले निदान तेच, शब्द टिरेलचे.) श्वाइट्झरच्या मते खरा येशू जगाचा अंत आपल्या हयातीत येणार असे मानणारा होता, म्हणजे आपल्या काळाला पूर्ण परका.

जर्मन अभ्यासक मार्टिन केलरने १८९२ मध्येच या सगळ्या खटाटोपावर बोट ठेवले होते. जर्मनमध्ये इतिहासाला दोन शब्द आहेत. एक 'हिस्टोरी', अभ्यासकाने पुराव्यातून जुळवलेले. दुसरा 'गेशिश्ट', घडून गेले तरी ज्याचा परिणाम अजून चालू आहे ते. खरा ख्रिस्त म्हणजे उपदेशिला जाणारा ख्रिस्त, केलर म्हणतो. प्राध्यापकांच्या टेबलावर जुळवलेला तो नव्हे. मराठीत आपली पंचाईत अशी की आपला एकच शब्द, इति-ह-आस, 'हे असे घडले', दोन्ही ओझी वाहतो.

मला केलर अर्धाच पटतो. परिणाम चालू आहे हे ठीक. पण परिणाम अफवांचेही होतात.

कार्ल बार्थने इतिहासच नाकारला ना?

नाही, हा गैरसमज आहे, जरी त्याच्या सुरावरून तो होणे साहजिक आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विद्वानांनी कैसरच्या युद्धाचे समर्थन करणारे पत्रक काढले. त्यात हार्नाकची सही होती. बार्थच्या इतर गुरूंच्याही होत्या. स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात पाळक असलेल्या बार्थला कळून चुकले की 'इतिहासात देव प्रगट होतो' असे शिकवणारे लोक आपल्या राष्ट्राच्या इतिहासालाच देवाची वाणी समजू लागले आहेत. त्यातून रोमकरांस पत्रावरचे त्याचे भाष्य आले, १९१९ आणि पूर्ण नव्याने लिहून १९२२. चिकित्सक पद्धतीला तिची जागा आहे, असे तो प्रस्तावनेत म्हणतो. पण तिच्यात आणि ईश्वरप्रेरणेच्या जुन्या सिद्धांतात निवड करावीच लागली तर मी जुना सिद्धांत घेईन, सुदैवाने तशी वेळ नाही.

नव्या कराराचा जर्मन अभ्यासक बुल्टमान याचे वेगळे. पुराव्याच्या बाबतीत तो श्ट्राउसइतकाच कठोर. १९४१ च्या व्याख्यानात त्याने म्हटले की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरायचे आणि त्याच वेळी भुते-आत्म्यांचे जग मानायचे, हे जमणार नाही. मिथकाच्या आत माणसाला दिलेली जी हाक आहे ती ऐका. येशूबद्दल श्रद्धेला एवढेच पुरे की तो आला. कसा होता, काय बोलला, यावर श्रद्धा टेकवू नका. खंदक ओलांडण्याची ही सर्वांत स्वस्त युक्ती : पलीकडे जायचेच नाही.

त्याच्याच शिष्याने, केझेमानने, १९५३ मध्ये ती मोडून काढली. उपदेशातला ख्रिस्त पृथ्वीवरच्या येशूशी बांधलेला नसेल तर त्याच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतो. हा धोका केझेमानच्या पिढीने पुस्तकात वाचलेला नव्हता.

म्हणजे काय? इतिहासाचा असा गैरवापर झाला आहे का?

झाला आहे, आणि विद्यापीठांच्या शिक्क्यानिशी. १९३९ मध्ये जर्मनीत आयझेनाखला एक संस्था निघाली. तिचे घोषित काम जर्मन चर्चजीवनावरचा यहुदी प्रभाव शोधून तो नष्ट करणे. शास्त्रीय प्रमुख होता नव्या कराराचा प्राध्यापक वाल्टर ग्रुंडमान. १९४० मध्ये संस्थेने यहुदी खुणा काढून टाकलेला नवा करार छापला. येशू वंशाने यहुदी नव्हताच, असे ग्रुंडमानने लिहिले. तळटीपा होत्या, भाषाशास्त्र होते, सगळे होते. विहिरीच्या तळाशी या वेळी वेगळा चेहरा दिसला, एवढेच.

याला उतारा भक्तीने दिला नाही, चांगल्या इतिहासाने दिला. १९४७ पासून मृत समुद्राच्या गुंडाळ्या हाती येऊ लागल्या आणि येशूच्या काळचा यहुदी धर्म किती नानाविध, किती जिवंत होता ते दिसले. गेझा वेर्मेश या यहुदी विद्वानाने १९७३ मध्ये येशूला गालीलातल्या यहुदी साधुपुरुषांच्या रांगेत बसवले, आणि अमेरिकन अभ्यासक सॅन्डर्सने १९७७ मध्ये पौलाच्या विरोधकांचे शतकानुशतके रंगवलेले 'कोरड्या नियमांचे गुलाम' हे चित्र खोडून काढले. मधल्या काळात, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. एकोणीसशे वर्षे लागली.

माझ्यापुरते मी यातून घेतले ते हे : इतिहास श्रद्धा सिद्ध करून देत नाही. पण श्रद्धाळू माणूस येशूच्या नावावर जे खपवतो त्याला 'नाही, असे नव्हते' म्हणणारे कोणीतरी लागते. तेवढे काम इतिहासकाराचे, आणि ते छोटे नाही.

पुनरुत्थान ही ऐतिहासिक घटना मानायची का?

इथे वर्गात नेहमी आवाज चढतात.

१८९८ मध्ये ईश्वरविज्ञानाचा जर्मन अभ्यासक ट्रोल्च याने चिकित्सक पद्धतीची तीन तत्त्वे मांडली. पहिले, प्रत्येक निष्कर्ष संभाव्यच असतो. दुसरे, साधर्म्य : आज जे घडू शकते त्याच्या तुलनेने काल काय घडले हे ठरवायचे. तिसरे, प्रत्येक घटना इतर घटनांच्या साखळीत असते. दुसरे तत्त्व लावले की खेळ संपला. मेलेला माणूस आज उठत नाही, तेव्हा तोही उठला नाही. पुरावा पाहायचीही गरज नाही.

पानेनबेर्ग या दुसऱ्या जर्मन अभ्यासकाने नेमके इथे अडवले. १९६१ पासून तो म्हणत आला की देव इतिहासातून प्रगट होतो तर तो सर्वांना तपासता आला पाहिजे. श्रद्धेसाठी वेगळे राखीव कुरण नको. साधर्म्याचा उपयोग जरूर करा, पण दुसरे उदाहरण नाही एवढ्यावरून घटना घडली नाही असे ठरवू नका. इतिहासात एकदाच घडणाऱ्या गोष्टी असतात. मग तो पुरावा पाहतो : करिंथकरांस पहिल्या पत्रातली, इ. स. ५५ च्या सुमाराची, दर्शन झालेल्यांची यादी, जी पौलाने स्वतः आधीच्यांकडून घेतली होती; आणि रिकाम्या कबरीची परंपरा. निष्कर्ष : घडले, हे जास्त संभाव्य.

त्याचे धाडस मला आवडते, निष्कर्ष मात्र मी इतिहासाच्या नावावर काढणार नाही. इतिहासकार म्हणून एवढे नक्की म्हणता येते की येशूला वधस्तंभावर मारले आणि थोड्याच काळात त्याच्या अनुयायांना तो जिवंत भेटल्याची पक्की खात्री झाली, इतकी की ते मागे हटले नाहीत. पुढचे पाऊल टाकताना माणूस जगाबद्दलचे आपले आधीचे मत बरोबर घेऊन जातो, ट्रोल्चही आणि पानेनबेर्गही. पिन्कास लापिडे या सनातनी यहुदी विद्वानाने तर येशू मेलेल्यांतून उठला असे मानले आणि तरी तो यहुद्यांचा मसीहा आहे असे मानले नाही. म्हणजे खंदक ओलांडला तरी पलीकडे चर्चच भेटेल असे नाही.

नायसीयाच्या परिषदेत मतदान करून येशूला देव ठरवले, हे खरे का? आणि बायबलमधली पुस्तकेही तिथेच निवडली?

दुसरे साफ खोटे. ३२५ सालच्या त्या बिशपांच्या परिषदेचे वीस नियम आज उपलब्ध आहेत, त्यात पुस्तकांच्या यादीचे नाव नाही. आज आहेत त्याच २७ पुस्तकांची यादी बिशप अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात प्रथम मिळते. पहिले अर्धवट. येशूची देव म्हणून उपासना कितीतरी आधीची, इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमी सुभेदार सम्राटाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला, जणू देवालाच, स्तोत्र म्हणतात. वाद होता तो पुत्र (येशू) निर्माण केलेला की पित्याशी एकतत्त्व, असा. पण परिषद सम्राटाने बोलावली, सही नाकारणाऱ्यांना हद्दपार केले, आणि पुढे अथनासियसही पाच वेळा हद्दपार झाला. राजकारण नव्हते असे कोणी सांगू लागले तर त्यालाही थांबवा.

सिद्धांत काळानुसार बदलतात असे मानले, तर सत्य कुठे राहिले?

इंग्लंडचा धर्मगुरू न्यूमन याने याच प्रश्नावर १८४५ मध्ये निबंध लिहिला आणि तो पुरा होता होता अँग्लिकन चर्च सोडून रोमन कॅथलिक झाला. त्याच्या मते कल्पना जिवंत असेल तर ती वाढते. वाढ आणि विकृती यांतला फरक ओळखण्याच्या त्याने सात कसोट्या दिल्या. हार्नाक उलट बाजूचा : सिद्धांत म्हणजे शुभवर्तमानाच्या जमिनीवर ग्रीक बुद्धीने उभारलेली इमारत, ती उतरवावी. त्याला उत्तर द्यायला फ्रान्सचा कॅथलिक विद्वान लुआझी १९०२ मध्ये उभा राहिला. येशूने राज्याची घोषणा केली आणि आले ते चर्च, हे त्याचे वाक्य. लोक ते टोमणा म्हणून वापरतात. त्याला म्हणायचे होते की यात विचित्र काही नाही, बी कायम बी राहत नसते. चर्चचा वकील म्हणून उभा राहिला आणि १९०८ मध्ये चर्चनेच त्याला बहिष्कृत केले.

बदल पाहायचा तर १८६४ ची पोपची चुकांची यादी घ्या, त्यात धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार चूक ठरवला आहे. मग १९६५ चा परिषदेचा धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा घ्या. मध्ये १०१ वर्षे. ही वाढ की माघार, यावर न्यूमनच्या कसोट्या लावून लोक अजून भांडतात.

कॅथलिक चर्चने चिकित्सक पद्धत कधी मान्य केली?

पोपच्या १९४३ च्या परिपत्रकाने, बायबलपुरती. त्याआधी १९१० पासून धर्मगुरूंना आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागे. ती १९६७ मध्ये रद्द झाली.

इतिहास म्हणजे फक्त भूतकाळच का? गरिबांच्या आजच्या लढ्याचे काय?

चांगला प्रश्न, आणि युरोपने तो उशिरा ऐकला. पेरूचा धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेस याने १९७१ मध्ये लिहिले की तारणाचा एक इतिहास आणि जगाचा दुसरा, असे दोन इतिहास नाहीत. एकच आहे, आणि निर्गमाची (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची) गोष्ट त्याच्यात घडते. खंदकाच्या काठावर दोनशे वर्षे बसलेल्यांना हा प्रश्नच वेगळा होता. तिथे 'हे घडले का' असे विचारत होते, इथे 'हे पुन्हा घडेल का' असे विचारत होते. मेट्झ हा जर्मन धर्मगुरू सोळाव्या वर्षी सैन्यात होता. निरोप पोचवून परतला तेव्हा त्याची अख्खी तुकडी मेलेली होती. पुढे तो 'धोकादायक आठवण' असा शब्द वापरू लागला : मेलेल्यांचे दुःख विसरून पुढे गेलेला इतिहास हा जिंकणाऱ्यांचाच असतो. माझा एकच आक्षेप आहे. निर्गमातल्या सुटकेपाठोपाठ यहोशवाच्या पुस्तकात कनानी लोकांची कत्तल येते, आणि कनानी लोकांच्या बाजूने ही गोष्ट वाचली तर ती वेगळीच दिसते.

लूकच्या जनगणनेची तारीख चुकली आहे का?

बहुधा हो. लूक येशूच्या जन्माशी जोडतो ती सुभेदार क्वीरिनियाची नोंदणी इ. स. ६ मधली, राजा हेरोद मेला इ. स. पूर्व ४ मध्ये, आणि येशू हेरोदाच्या काळात जन्मला असे मत्तय (आणि लूकही) धरून चालतो. आधी एक नोंदणी झाली असेल वगैरे खुलासे आहेत. मला ते ओढूनताणून आणलेले वाटतात. लूकला गव्हाणीतल्या बाळासमोर औगुस्त कैसर उभा करायचा होता, आणि तो उभा राहिला.

हे सगळे शिकून श्रद्धा जाते का?

काहींची जाते. श्ट्राउसने १८७२ मध्ये 'आपण अजून ख्रिस्ती आहोत का?' असे विचारून 'नाही' असे उत्तर दिले. श्वाइट्झरने त्याच साधनांवर तितकेच निर्दय काम केले आणि १९१३ मध्ये डॉक्टर होऊन आफ्रिकेत लांबारेनेला गेला. डॅनिश विचारवंत किर्केगार्डने १८४४ मध्ये जे लिहिले ते इथे आठवते : येशूला रस्त्यात समोरासमोर पाहणाऱ्यालाही फक्त एक माणूसच दिसत होता, विश्वास त्यालाही ठेवावाच लागला. दोन हजार वर्षे उशिरा आलेल्याचे त्यात फारसे नुकसान नाही.

मला सुरुवात करायची आहे. पहिले काय वाचू?

घरातले बायबल उघडा आणि मार्कचे शेवटचे पान काढा. सोळाव्या अध्यायाच्या नवव्या वचनापाशी बऱ्याच आवृत्त्यांत कंस किंवा तळटीप असते. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत पुढची बारा वचने नाहीत. आठव्यावर थांबा. कबरीपासून त्या स्त्रिया पळत सुटतात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. मग विचारा की कोणी सांगितले नाही, तर मार्कला हे कळले कसे.